शाळा सुटली की ते झोपतं

ओडेसा पिकेटबद्दल लिहायला बसले की आधी माझं डोकं तापतं. ते निवेपर्यंत थांबले असते तर हे कधीच लिहून झालं नसतं. म्हणून तापल्या डोक्यानेच लिहिते.

आमच्या ऑस्बी काउंटीत, म्हणजे या कापसाच्या जिल्ह्यात, लहानथोर सगळे तिला मिस ओडेसा म्हणतात. उंच बाई, ताठ खांदे, गळ्यात चष्म्याची साखळी. तिची पहिली नोकरी शाळेची पिवळी बस चालवायची. एका अंगाला कापूस, दुसऱ्या अंगाला कॅटफिश माशांची तळी, मधून कच्चा रस्ता आणि पाठीमागे पोरांचा गोंगाट. त्या गोंगाटातून तिला कळायचं कोणाच्या घरची वीज तोडली, कोणाचा बाप परत आला, कोणाला अजून अक्षर लागत नाही. शाळेला पहिल्यांदा कोणीतरी जुने संगणक दान दिले आणि शिक्षकांनी ते खोक्यांसकट अडगळीत ढकलले, तेव्हा दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते उघडून बसणारी हीच. मग कॉलेज, मग पदवी, आणि शेवटी सगळ्या शाळा मंडळाची तंत्रज्ञान प्रमुख. पदाचं नाव इतकं लांब होतं की दारावरच्या पाटीत शेवटचा शब्द मावला नाही. ती म्हणायची, "बरंच झालं. मी कशाची प्रमुख आहे ते कोणाला कळत नाही, त्यामुळे सगळेच वचकून असतात."

मंडळाने प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला त्या वर्षी निम्म्या घरांत इंटरनेट नव्हतं. तारा टाकणाऱ्या कंपन्यांना कापसापलीकडेही माणसं राहतात हे पटत नव्हतं. मंडळाच्या बैठकीत तक्ते दाखवून झाले, सुस्कारे टाकून झाले. मी पालकांच्या बाकावर होते. मी प्रत्येक बैठकीला असते, बोलावत नाहीत तरी. मिस ओडेसा उठली आणि वाहतूक खात्याच्या म्हाताऱ्या क्लीटसला म्हणाली, "शाळा सुटल्यावर तुझ्या बस काय करतात?"

"काय करणार? झोपतात."

"मग उठव त्यांना."

आणि उठवल्या. बसमध्ये इंटरनेटचा डबा बसवला आणि संध्याकाळी एकेक बस एकेका चर्चच्या आवारात नेऊन उभी केली. पोरं आत बसून अभ्यास करायची. थंडीत काचांवर वाफ धरायची आणि चर्चमधल्या बाया गरम तमाले, मक्याच्या पानात शिजवलेले तिखट मांसाचे उंडे, आणून द्यायच्या. त्या वर्षी परत आलेल्या निम्म्या लॅपटॉपांच्या कळांवर तिखट तेलाचे डाग होते. मिस ओडेसाने ते स्वतः पुसले आणि तक्रार केली नाही.

आता तिच्या बापाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एझ्रा पिकेट लोकांची नावं मतदार यादीत घालत हिंडायचा, त्या काळात जेव्हा आमच्या राज्याचं सरकारच माणसं नेमून आम्हा काळ्या लोकांवर पाळत ठेवत होतं. चर्चच्या तळघरात बैठक झाली की दुसऱ्या दिवशी गोऱ्या मालकाला ठाऊक असायचं कोण कोण आलं होतं. सांगणारा आमच्यातलाच होता, त्याच बाकावर बसून तीच भजनं म्हणणारा. एझ्राचं जिनिंगमधलं काम गेलं, मग राहतं घर गेलं. त्या सांगणाऱ्या माणसाचं नाव आमच्यात कोणी घेत नाही. त्याला 'कान' म्हणतात. आजही एखाद्या घरात जपून बोलायचं असलं की म्हातारी माणसं म्हणतात, इथे कान आहेत.

म्हणून मिस ओडेसाची एक रीत होती. लॅपटॉप वाटायच्या आधी पालकांना ती शाळेत बोलवायची नाही. शाळेत पालक गप्प बसतात, तिला माहीत होतं. ती रविवारी चर्चमध्ये जायची. प्रार्थना संपली की मागच्या जेवणघरात, केक आणि तळलेल्या कोंबडीच्या परातींमध्ये जागा करून ती लॅपटॉप उघडायची, आत काय आहे ते म्हाताऱ्यांनासुद्धा दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "मी एझ्रा पिकेटची मुलगी. हे यंत्र तुमच्या घरात येतंय, पण त्याला कान नाहीत. हा माझा शब्द." मग पालक सही करायचे. इतर काउंट्यांत अधिकारी दारोदार फिरून थकायचे, आमच्याकडे एका रविवारात काम व्हायचं.

या शब्दाची किंमत आमच्याहून लवकर कळली ती डॉ. कॉर्टलँड मॅब्रीला.

मॅब्री आमचा नवा शाळा अधीक्षक. आमच्याच रंगाचा, राजधानीतून आलेला, बूट असे की त्यात तोंड दिसावं. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला होता. पण मला सगळेच खटकतात, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. मिस ओडेसाने मात्र त्याच्या नेमणुकीसाठी मंडळाच्या प्रत्येक सभासदाचं दार ठोठावलं होतं. "व्हर्जी," ती मला म्हणाली, "आयुष्यभर मी गोऱ्या अधीक्षकांना मुलं म्हणजे काय ते समजावत आले. एकदा तरी न समजावता काम करू दे."

तो तिच्या घरी जेवायचा. बाहेरगावच्या परिषदांत बस-इंटरनेटची गोष्ट सांगायचा आणि तिचं नाव घ्यायचा. त्या कामाचं देशपातळीवरचं बक्षीस आलं तेव्हा व्यासपीठावर तो गेला, ती गेली नाही, पण परत येऊन त्याने ते तिच्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, वा, नमस्कार करायला देव आणलास. तिने मला दटावलं.

मग जुने लॅपटॉप थकले. नव्यांसाठी एका संस्थेने मोठी देणगी देऊ केली, पण तिच्याबरोबर एक पहारेकरी येणार होता. म्हणजे एक प्रोग्राम. मूल काय लिहितं, काय शोधतं ते तो वाचणार आणि जिवाला धोका वाटेल असा शब्द दिसला की कळवणार. मिस ओडेसा बिथरली. त्या संध्याकाळी मॅब्री तिच्या ओसरीवर आला. मी तिथेच होते, आम्ही दोघी वाटाण्याच्या शेंगा सोलत होतो. त्याने कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि आमच्या टोपलीतल्या शेंगा ओढून सोलायला लागला. काम येत होतं त्याला, तेही सांगते.

"शाळेत पहारा ठेवा," मिस ओडेसा म्हणाली. "शाळेत आपली जबाबदारी. पण घरी?"

"घरी कशाला? शाळा सुटली की ते झोपतं."

"कोण झोपवतं?"

"घंटेबरोबर आपोआप. मिस ओडेसा, मी तुमच्याशी खोटं बोलेन का?"

"मला त्याच्या किल्ल्या लागतील. स्वतः बघेन."

"तुमच्यावर आधीच किती भार आहे. सुरक्षेचा वेगळा कक्ष करतोय मी, किल्ल्या तिथे राहतील. तुम्ही शिकवण्याचं बघा, ते दुसऱ्या कोणाला जमत नाही."

जन्मभर प्रत्येक यंत्राचं झाकण उघडून बघणारी बाई. त्या दिवशी तिने शेंगा सोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली.

पुढच्या रविवारी ती आमच्या माउंट नेबो चर्चच्या जेवणघरात उभी राहिली. पहिल्या खुर्चीत मामा लू होत्या. आमच्यात आईला मामा म्हणतात; पूर्ण नाव ल्युएला टॉलिव्हर, आमच्या गायनवृंदाचा सगळ्यात जुना आवाज. मिस ओडेसा म्हणाली, शाळेत याच्यावर पहारा आहे, पण शाळा सुटली की ते झोपतं.

मामा लूंनी काठी आपटली. "आणि झोपेचं सोंग घेत असेल तर?"

सगळे हसले. मिस ओडेसाही हसली. "मी विचारलंय, मामा लू."

"कोणाला? यंत्राला?"

"डॉक्टर मॅब्रींना."

"कोणाचा आहे तो? कुठली माणसं त्याची?"

"इथली नाहीत."

"बघ बाई," मामा लू म्हणाल्या आणि पेन मागितलं. "मी त्याच्यासाठी नाही हं सही करत. एझ्राच्या मुलीसाठी करते." त्यांची नात नायेला सातवीत होती. तिचा लॅपटॉप मामा लूंच्या सहीने घरात आला, कारण तिची आई डनीटा माशांच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला असायची आणि घरचा कारभार म्हातारीच बघायची.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. कापूस फुटायच्या सुमाराला मामा लू गेल्या.

आमच्यात कोणी मेलं असं म्हणत नाहीत. घरी गेलं म्हणतात. अंत्यविधीलाही आम्ही 'घरी जाणं'च म्हणतो. पांढरे पोशाख, ढोल, टाळ्या, शिकागोपासून आलेले नातेवाईक, आणि गेलेल्या माणसाबद्दल घरातल्या कोणीतरी लिहून आणलेले चार शब्द. मामा लूंनी आधीच सांगून ठेवलं होतं की ते शब्द नायेलाने वाचायचे. पोरगी लिहिण्यात हुशार. तिने ते आजीच्या तोंडचे शब्द करून लिहायचे ठरवले, जणू मामा लूच बोलताहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शाळेच्या लॅपटॉपवर तिने लिहिलं: मी फार थकले आहे. मला आता घरी जायचंय. माझा पांढरा पोशाख काढून ठेवा आणि कोणी रडू नका, मी ठरवलंय.

घरी जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी टॉलिव्हरांचं घर माणसांनी भरलं होतं. ओट्यावर हिरवी भाजी, मॅकरोनी, रताळ्याची गोड पाई. मिस ओडेसा तिच्या घरून आणलेला केक कापत होती, मी ताटल्या पुसत होते. शेरिफची गाडी दारात थांबली आणि टॅनर पर्विस उतरला. टॅनर गोरा पोरगा, पण आमच्याच रस्त्यावर वाढलेला. मिस ओडेसाच्या बसने शाळेत गेला होता. त्याने टोपी काढली.

"मॅम, नायेला टॉलिव्हर कोण?"

डनीटा पुढे झाली. "माझी मुलगी. का?"

"तिला तपासणीसाठी न्यायचंय. दवाखान्यात. तिने जिवाचं काही बरंवाईट करायचं लिहिलंय, तशी सूचना आलीये."

"काय लिहिलंय?"

टॅनरने फोनवर बघून वाचलं. मी फार थकले आहे. मला आता घरी जायचंय. वाचता वाचता त्याचा आवाज उतरला. त्यालाही कळलं. मागून कोणीतरी काका म्हणाले, "बाळा, हे उद्याचं आहे. घरी जाण्याचं."

"कळतंय सर. पण सूचना आली की नेलंच पाहिजे, असा नियम आहे. डॉक्टर बघतील आणि सोडतील. मी काय करू?"

"आज शुक्रवार आहे," डनीटा म्हणाली. "ते डॉक्टर कधी बघतील?"

टॅनरने फोन खिशात घातला.

आणि मग नायेला बोलली. लहानसा आवाज, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "हे मी शाळेत नाही लिहिलं. काल संध्याकाळी लिहिलं. इथे."

तिने टेबलाकडे बोट केलं. त्या टेबलावर आता मिस ओडेसाचा केक होता आणि मिस ओडेसाच्या हातात सुरी होती.

एकेकाचं तोंड तिच्याकडे वळलं. शिव्या कोणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डनीटा फक्त म्हणाली, "मिस ओडेसा, तुम्ही म्हणाला होतात ते झोपतं."

मिस ओडेसाने सुरी खाली ठेवली. "टॅनर, मी हिच्यासोबत येते."

"गाडीत फक्त आई चालते, मॅम. माफ करा." गाडीकडे जाताना तो थांबून पुटपुटला, "तुम्हीच मला कधी बस चुकू दिली नव्हती." ते कशासाठी म्हणाला, त्याचं त्याला माहीत. लॅपटॉपही त्यांनी उचलला. नायेला मागच्या सीटवर बसली तेव्हा तिच्या पायांत उद्याचे पांढरे बूट होते. घरात घालून बघत होती ती.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे माणूस शोधायचा असेल तर एकच जागा, फुटबॉलचं मैदान. मी गाडी चालवली. वाटेत मी शंभर गोष्टी बोलले. ती एकच बोलली. "व्हर्जी, तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. हे माझं आहे."

मॅब्री कुंपणापाशी उकडलेल्या शेंगदाण्यांचा पुडा घेऊन लोकांशी हात मिळवत होता. ती त्याला खाद्यपदार्थांच्या टपरीमागे घेऊन गेली. पलीकडे शाळेचा बँड वाजत होता, त्यामुळे दोघांनाही मोठ्याने बोलावं लागत होतं, भांडत असल्यासारखं. ती भांडत नव्हती.

"ते झोपत नाही," ती म्हणाली.

त्याने आव आणला नाही, एवढं त्याला श्रेय. त्याला खबर आधीच पोचली होती. "मुलगी सुखरूप आहे ना?"

"आजीच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तिला पोलिसांच्या गाडीत घातलं. मी ओसरीवर तुम्हाला विचारलं होतं."

"देणगीची अटच तशी होती. रात्रंदिवस पहारा, आणि सूचना थेट शेरिफकडे. नाही म्हटलं असतं तर ऑस्बीच्या एकाही पोराच्या हातात लॅपटॉप नसता. तुम्हाला ते चाललं असतं?"

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही चर्चमध्ये खरं सांगितलं असतं."

"सांगितलंच असतं."

"आणि कोणी सही केली नसती." त्याने शेंगदाण्याचं टरफल टाकलं. "मिस ओडेसा, लोकांनी तुमच्या तोंडाकडे बघून सही केली. आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तुमचा चेहरा लगेच सांगतो. म्हणून तुम्हाला माहीत नसणंच बरं होतं."

मी तोंड उघडलं नाही. दिलेला शब्द मी जन्मात पहिल्यांदा पाळला आणि अजून पस्तावते.

बँड थांबला. तिने आवाज उतरवला. मग म्हणाली, "तुमचं खोटं तुम्हाला बोलता येत नव्हतं. माझ्या तोंडून वदवलंत." आणि वळली. तो मागून म्हणाला, "रविवारी माउंट नेबोला या. लोकांना शांत करा. तुम्हीच करू शकता." ती गाडीकडे चालत राहिली.

शनिवारी मामा लू घरी गेल्या. नायेला नव्हती. डॉक्टर सोमवारी येणार होते. डनीटा आईला पोचवायला परत आली होती, पण लेकीला दवाखान्यात परक्या बाईच्या ताब्यात ठेवून. लिहिलेले शब्दही नव्हते, लॅपटॉपबरोबर तेही कुलूपबंद झाले होते. मिस ओडेसाने सकाळभर सुरक्षा कक्षाला फोन केले, तिथे शनिवारी कोणी नसतं. एवढी तंत्रज्ञान प्रमुख, आणि एका पोरीच्या चार ओळी बाहेर काढता येईनात. त्या शब्दांची वेळ आली तेव्हा रेव्हरंड गेन्स उठून म्हणाले, "आता नायेला टॉलिव्हर," आणि बसले. ऑर्गन हळू वाजत राहिला. लोक पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

मिस ओडेसा दारावर उभी राहणाऱ्या स्वयंसेविकांपैकी एक. तिने आपले पांढरे हातमोजे काढून दुसऱ्या बाईला दिले आणि बाहेर आवारात जाऊन उभी राहिली, जिथे तिची बस लागायची तिथे. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं. कोणी ये म्हणूनही गेलं नाही. मी गेले तर म्हणाली, "आत जा. मामा लूंनी माझ्या शब्दावर सही केली, आणि त्या सहीपायी ती पोर गेली."

रविवारी ती आली. मॅब्री पहिल्या बाकावर, बूट चकचकीत. त्याला वाटलं ती त्याच्यासाठी आली. जेवणघरात नाही, ती सरळ प्रार्थनेच्या खोलीत पुढे उभी राहिली. रेव्हरंड बाजूला झाले.

"मी तुम्हाला सांगितलं होतं की याला कान नाहीत," ती म्हणाली. "याला कान आहेत. घरी आहेत, रात्री आहेत, आणि ते शेरिफच्या खोलीत उघडतात. तुमच्या घरात ते मी आणले."

मॅब्री अर्धा उठला. "मिस ओडेसा, नीट समजावून..."

"बसा, डॉक्टर. इथे तुमची माणसं नाहीत."

तो बसला. चर्चमध्ये कोणी आमेन म्हणालं नाही. मग मागून म्हातारा क्लीटस उठला. घरी जाऊन नातवाचा लॅपटॉप घेऊन आला आणि बाहेर आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये पहिल्या सीटवर ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत सगळ्या सीट लॅपटॉपांनी भरल्या. मुलांना बसवतात तसे ओळीने.

मला त्या दिवशी वाटलं आपण जिंकलो. मला असं लवकर वाटतं. सोमवारी मिस ओडेसाने राजीनामा दिला आणि मंगळवारी मंडळाने तो आनंदाने घेतला. मी मंडळात जाऊन ओरडले, माझा माईक बंद केला. मी बाहेर ओरडले. हिवाळ्यात परीक्षा संगणकावर होत्या, तेव्हा आयांनी एकेक करत लॅपटॉप परत नेले, मान खाली घालून. पोरं नापास व्हावीत असं कोणाला वाटतं? नेताना काही जणी माझ्यासमोरच म्हणाल्या, "ओडेसाने गप्प बसायला हवं होतं. आता माहीत असून द्यावं लागतंय." त्यांचा मला संताप आला.

मॅब्रीला पुढच्या वसंतात मोठ्या शहरात मोठी जागा मिळाली. त्याचं भाषण मी ऐकलं. लोकांचा विश्वास कसा मिळवावा, हा विषय. त्यात एक बस चालवणारी बाई आहे. तिचं नाव तो अजूनही प्रेमाने घेतो.

बस चालवणारी बाई, हे मात्र खरं झालं. आमच्याकडे चालक मिळत नाहीत, तिचा परवाना अजून चालू होता. शाळा मंडळाला नाइलाजाने तिला घ्यावं लागलं. वाकड्या तोंडाने घेतलं. तोच कच्चा रस्ता, तीच तळी. टॉलिव्हरांच्या दारात थांबली की ती म्हणते, "शुभ सकाळ, नायेला." नायेला काही न बोलता मागे जाऊन बसते. सोमवारी डॉक्टरने तिला तपासून घरी पाठवलं होतं, आजीला पुरल्यानंतर. त्यावर ती घरातही बोलत नाही, डनीटा सांगते. लिहिते, पण हाताने, अंत्यविधीच्या पुठ्ठ्याच्या पंख्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. वाचायला कोणाला देत नाही.

परवा मी त्या बसमध्ये होते. पालकांनी फेरी बघावी असा नियम आहे, तो मीच मंडळाकडून करून घेतलाय. टॉलिव्हरांचं दार आलं. "शुभ सकाळ, नायेला."

पोरगी पायरीवरच थांबली. किती महिन्यांनी तोंड उघडलं तिने मिस ओडेसाशी. "या बसला कान आहेत का?"

मागच्या पोरांनी माना पुढे काढल्या. मिस ओडेसाने मान वर केली आणि आरशाच्या वरच्या कॅमेऱ्याच्या काळ्या गोळ्याकडे बोट दाखवलं. "आहेत. तो बघ, तिथे. दिसतं आणि ऐकूही जातं. रात्रंदिवस."

"मागच्या सीटवर?"

"तिथेही."

"मग कुठे बोलायचं?"

मला वाटलं आता ती काहीतरी समजूत घालेल. जन्मभर तिने पोरांची समजूतच घातली. तिने दार बंद केलं, गियर टाकला.

"मला माहीत नाही, बाळ," ती म्हणाली. "माहीत झालं की सांगेन. त्याआधी सांगणार नाही."

नायेला दांडा धरून वर चढली. मग रोजच्यासारखी मागे गेली नाही. चालकाच्या मागच्या सीटवर, त्या काळ्या गोळ्याच्या बरोबर खाली बसली, आणि शाळा येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.